गाणं संपलं की स्ट्रीमर गप्प: लॉसलेस इंटरनेट रेडिओची पार्श्वभूमी

रात्री साडेअकराची गोष्ट. बाहेरच्या खोलीतल्या स्ट्रीमरवर, म्हणजे नेटवरून संगीत घेऊन अँप्लिफायरला देणाऱ्या डब्यावर, एका लहानशा वेब-रेडिओचं फ्लॅक स्टेशन लावलं होतं. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता, अर्थात 'लॉसलेस', तो लहान करायची पद्धत. व्हायोलिनची एक रचना संपली आणि पुढची सुरू व्हायच्या ऐवजी शांतता. पुन्हा प्ले दाबलं, पुढची रचना नीट वाजली, ती संपली, पुन्हा गप्प. त्याच स्टेशनचा एमपी३ प्रवाह मात्र रात्रभर न कुरकुरता चालायचा. आधी वायफायला शिव्या घातल्या, मग राउटर बंद-चालू केला, शेवटी सोफ्यामागून लॅनची केबल ओढली. काडीचा फरक पडला नाही. दोष वायफायचा नव्हताच. रेडिओ, फ्लॅक आणि स्ट्रीमर या तीन गोष्टी तीन वेगळ्या कामांसाठी, तीन वेगळ्या काळात तयार झाल्या आणि मग एकाच तारेवर आणून बसवल्या गेल्या, त्याची ही कुरबुर होती.

रेडिओपासून सुरुवात करू. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थी केंद्राने आपलं नेहमीचं प्रक्षेपण इंटरनेटवर सोडलं. त्यासाठी वापरलं ते सीयू-सीमी नावाचं, खरं तर व्हिडिओ संभाषणासाठीचं सॉफ्टवेअर. १९९५ च्या एप्रिलमध्ये रिअलऑडिओ आलं आणि घरच्या मोडेमवर आवाज ऐकू येऊ लागला. आपल्याकडे त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा मोडेमचा वेग असायचा सेकंदाला १४.४ किलोबिट. सीडीवरचा आवाज जसाच्या तसा पाठवायचा तर सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात, म्हणजे जवळजवळ ९८ पट. त्यामुळे आवाज कसा येतो हा प्रश्नच नव्हता. आवाज येतो, याचंच अप्रूप होतं.

मग एमपी३ आलं. १२८ किलोबिटमध्ये सीडीचं गाणं बसवायचं म्हणजे अकरातले दहा हिस्से टाकून द्यायचे, आणि तेही असे की कानाला सहजी कळू नये. विनॅम्प हा गाणी वाजवायचा प्रोग्राम बनवणाऱ्या नलसॉफ्टने १९९८-९९ च्या सुमारास शाउटकास्ट हे सॉफ्टवेअर काढलं आणि कोणालाही घरबसल्या स्टेशन चालवता येऊ लागलं. जवळपास त्याच वेळी आइसकास्ट हा मुक्त पर्यायही उभा राहिला. शाउटकास्टचं आधीचं नाव होतं 'आय कॅन येल', म्हणजे 'मी ओरडू शकतो'. त्याची आद्याक्षरं, आयसीवाय, आजही रेडिओ सर्व्हरच्या उत्तरात दिसतात.

या मंडळींनी गाण्याचं नाव पाठवायची जी युक्ती काढली ती पुढच्या गोष्टीला महत्त्वाची आहे. आवाजाचे ठरावीक बाइट गेले, समजा १६,०००, की मध्येच एक चिठ्ठी घुसवायची: आता अमुक गाणं चालू आहे. प्लेअरने मोजत राहायचं, चिठ्ठी आली की ती बाजूला काढायची आणि उरलेलं वाजवायचं. जुगाडच हा, पण चालला. एमपी३ चा आवाज छोट्या छोट्या तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकडा स्वतःची ओळख सोबत घेऊन येतो. त्यामुळे श्रोता मधूनच आला तरी बिघडत नाही, आणि गाणं बदललं तरी प्रवाह कुठे तुटत नाही. प्लेअरच्या दृष्टीने ते एकच न संपणारं गाणं असतं.

फ्लॅकचं घराणं वेगळं. नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत रॉबर्ट राइस यांनी १९७० च्या दशकात अंतराळयानांकडून येणारी माहिती कमी जागेत बसवण्यासाठी एक सांकेतिक पद्धत तयार केली. १९९३ च्या सुमारास टोनी रॉबिन्सन यांनी 'शॉर्टन'मध्ये ती आवाजासाठी वापरली. जॉश कोलसन यांनी २००० मध्ये फ्लॅकचं काम सुरू केलं आणि जुलै २००१ मध्ये पहिली पक्की आवृत्ती आणली.

आत काय चालतं ते कळायला दुधाचा हिशोब आठवावा. रतीब रोज अर्ध्या लिटरचा असेल तर कॅलेंडरवर रोज 'अर्धा लिटर' असं कोणी लिहीत नाही. खाडा झाला किंवा पाहुणे आले म्हणून जादा घेतलं, तेवढंच मांडतात, आणि महिनाअखेरीला पैशापैशाचा हिशोब लागतो. फ्लॅक तेच करतं. डिजिटल आवाज म्हणजे क्षणाक्षणाला मोजलेल्या आकड्यांची, नमुन्यांची, रांग. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधायचा आणि अंदाज व वस्तुस्थिती यांतला फरक तेवढा लिहायचा. तो फरक लहान असतो, आणि लहान आकडे थोडक्या जागेत मांडायला राइस यांची पद्धत उत्तम. अशाने १,४११ किलोबिटचे साधारण ७०० ते १,००० होतात आणि एकही बिट हरवत नाही.

म्हणजे लॉसलेस रेडिओचं मूळ साहित्य २००१ मध्येच तयार होतं. अडलं ते नळापाशी, म्हणजे घरी येणाऱ्या इंटरनेटच्या वेगापाशी. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात 'ब्रॉडबँड' म्हणजे किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या होती. ती २०१३ मध्ये ५१२ झाली आणि २ मेगाबिटवर यायला २०२३ उजाडलं. व्याख्येपुरतं बोलायचं तर परवापरवापर्यंत सरकारमान्य ब्रॉडबँडवर फ्लॅक रेडिओ वाजलाच नसता. त्यात महिन्याच्या डेटाची मर्यादा. ९०० किलोबिटने एक तास ऐकलं की ४०० एमबी खर्च (एमबी-केबी बाइटमध्ये मोजतात, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट). रविवारची एक निवांत सकाळ महागात पडायची.

नळ रुंद होईपर्यंत स्ट्रीमर मोठे होत होते. कॅलिफोर्नियातल्या स्लिम डिव्हायसेसने २००१ मध्ये स्लिमपी३ हा डबा काढला. संगणकावरची एमपी३ गाणी लॅनवरून घ्यायची आणि अँप्लिफायरला द्यायची, एवढंच त्याचं काम. २००३ चा स्क्वीझबॉक्स वायफायवर चालायला लागला, आणि २००५ च्या स्क्वीझबॉक्स २ ला फ्लॅक स्वतः उलगडता येऊ लागलं. पुढच्या वर्षी लॉजिटेकने ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये ही मालिकाच थांबवली. पण या डब्यांना संगणकावरून गाणी पुरवणाऱ्या सर्व्हरचं सॉफ्टवेअर मुक्त होतं. ते आजही लिरियन या नावाने जिवंत आहे आणि अनेक घरांत रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकावर मुकाट्याने चालतं. महागड्या टोकाला ग्लासगोच्या लिनने २००७ मध्ये क्लायमॅक्स डीएस आणला आणि २००९ मध्ये आपण सीडी प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

या सगळ्या यंत्रांनी फ्लॅक शिकलं ते फाइल म्हणून. फाइलला सुरुवात असते, लांबी असते, शेवट असतो. रेडिओला यातलं काहीच नसतं.

इथे माझ्या रात्रीच्या शांततेचं मूळ सापडतं. फ्लॅक आइसकास्टवरून पाठवायचं तर ते ऑग नावाच्या वेष्टनात घालतात. गाण्याचं नाव त्या वेष्टनाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. मधे चिठ्ठी घुसवायची सोय नाही, म्हणून गाणं बदललं की आधीचं वेष्टन 'समाप्त'चा शिक्का मारून बंद करायचं आणि नवं उघडायचं. अशी वेष्टनांची साखळी ऑगच्या नियमांत अगदी बसते. पण फाइली वाजवायची सवय लागलेल्या यंत्राला 'समाप्त' दिसलं की ते समाप्तच समजतं. साखळीतली पुढची कडी दाराशी उभी असते आणि आत हा दिवे मालवून झोपलेला. हे एका कंपनीचं दुखणं म्हणावं तर तसंही नाही. फ्लॅकच्या स्वतःच्या मूळ लायब्ररीला, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार सॉफ्टवेअरला, अशी ऑग साखळी उलगडता येऊ लागली ती १.५.० या आवृत्तीत, फेब्रुवारी २०२५ मध्ये. फ्लॅकचं अधिकृत इंटरनेट मानक, आरएफसी ९६३९, तेही डिसेंबर २०२४ चं. पहिल्या आवृत्तीनंतर तेवीस वर्षांनी!

दुसरी कुरबुर बफरची, म्हणजे पुढचा आवाज आधीच घेऊन ठेवायच्या साठ्याची. आइसकास्ट नव्या श्रोत्याला सुरुवातीला ६४ केबी आवाज एकदम देतं, म्हणजे वाजवायला लगेच काहीतरी हाताशी असावं. १२८ किलोबिटच्या एमपी३ साठी ही चार सेकंदांची शिदोरी. ९०० किलोबिटच्या फ्लॅकसाठी जेमतेम अर्ध्या सेकंदाची. मागे पडलेल्या श्रोत्यासाठी सर्व्हर ५१२ केबीपर्यंत थांबतो, मग जोडणी तोडतो. एमपी३ वाल्याला त्यात अर्ध्या मिनिटाची सवलत मिळते, फ्लॅकवाल्याला पाच सेकंदांचीही नाही. स्टेशनवाल्याने हे मूळ आकडे बदलले नसतील, तर स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू होताच २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरचं संगीत अडखळणारच. म्हणून स्ट्रीमरला केबल जोडावी असं जुने लोक सांगतात. ते केबलच्या तांब्यात काही जादू आहे म्हणून नव्हे. (तशी जादू विकणारेही भेटतात, त्यांना लांबून नमस्कार.)

मोठ्या संस्थांमध्ये बीबीसीने २०१७ च्या प्रॉम्स मैफलींच्या मोसमात रेडिओ ३ फ्लॅकमध्ये देण्याचा प्रयोग केला. त्यांनी शाउटकास्टची वाट घेतलीच नाही. आवाजाचे छोटे तुकडे करून ते साध्या वेब फाइलींसारखे पाठवायची डॅश ही पद्धत वापरली. ती ब्राउझरला सोयीची, पण घरातल्या बहुतेक स्ट्रीमरना अनोळखी. प्रयोग तिथेच संपला. गंमत म्हणजे एफएमला 'शुद्ध अॅनालॉग' म्हणून मिरवणाऱ्यांना हे माहीत नसतं की बीबीसीने १९७२ पासूनच स्टुडिओ ते ट्रान्समीटर हा प्रवास १३ बिटच्या डिजिटल दुव्यावर नेला होता. चेक रेडिओने मात्र अभिजात संगीताच्या डी-डूर वाहिनीसाठी फ्लॅक प्रवाह ठेवला आहे, आणि २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज गावात सुरू झालेला रेडिओ पॅराडाइज श्रोत्यांच्या देणग्यांवर फ्लॅक देतो.

आकाशवाणीने २६ जानेवारी २०१६ ला शास्त्रीय संगीताची चोवीस तासांची रागम वाहिनी सुरू केली. ऑनलाइन लॉसलेस खरं तर तिला शोभलं असतं. कमी बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला थोडेच किलोबिट वापरले की, सगळ्यात आधी बिघडतो तो तानपुरा. संथ, भरलेल्या जव्हारीच्या जागी पातेल्यात पाणी घुसळल्यासारखं काहीतरी ऐकू येतं. ३२० किलोबिटला मात्र मला स्वतःला फरक कळत नाही, हे कबूल करतो. आणि स्टेशनच्या साठ्यातच एमपी३ असतील तर फ्लॅकमधून घरी येतं ते जसंच्या तसं जपलेलं एमपी३.

राहिला पत्त्याचा प्रश्न. स्ट्रीमरच्या मेन्यूत दिसणारी स्टेशनं स्ट्रीमरमध्ये नसतात. ती कुठल्यातरी सूची-सेवेकडून येतात. रेसिवा ही अशी एक सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि ठणठणीत रेडिओ रातोरात मुके झाले. स्क्वीझबॉक्सचं ऑनलाइन केंद्रही २०२४ मध्ये बंद झालं. शिवाय एखाद्या स्टेशनचे चार प्रवाह असले तरी सूचीत बहुधा एमपी३ चाच नोंदवलेला असतो. फ्लॅकचा पत्ता स्टेशनच्या पानावरून उतरवून हाताने टाकावा लागतो, पोर्ट क्रमांकासकट.

मी शेवटी रास्पबेरी पायवर लिरियन बसवलं. साखळी तो सोडवतो आणि स्ट्रीमरला एकच अखंड प्रवाह देतो. आता गाणं बदलताना क्षणभर टक् असं काहीतरी होतं आणि पुढचं सुरू होतं. पडद्यावर नाव मात्र अजून मघाच्याच गाण्याचं असतं.