बाळाचे कान आणि घरातली मराठी

इंदूरच्या मराठी घरात मूल दोन वर्षांचं होत आलं आणि अजून बोलत नसलं, की एक सल्ला हमखास मिळतो. 'घरात मराठी, बाहेर हिंदी, पोर गोंधळलंय. एकच भाषा बोला.' ती एक भाषा बहुतेक वेळा हिंदी ठरते आणि आयुष्यभर मराठीत बोललेली आजी नातवाशी अडखळत हिंदी बोलू लागते. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण बाळं भाषा कशी शिकतात याबद्दल गेल्या चाळीस वर्षांत जे कळलं आहे, ते या सल्ल्याच्या उलट आहे.

१९८४ साली जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी कॅनडातल्या इंग्रजीभाषक घरांतल्या बाळांना आपले 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना हे दोन्ही एकच वाटतात. बाळाला विचारायचं कसं? आवाज बदलला की बाजूच्या पेटीतलं खेळणं उजळतं आणि हलतं, हे आधी त्याच्या अंगवळणी पाडायचं. मग फरक ऐकू आला, की बाळ आपणहून तिकडे मान वळवतं. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांनी मान वळवली. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांनी. हिंदीभाषक घरांतल्या वर्षाच्या आसपासच्या बाळांना मात्र हा फरक व्यवस्थित कळत होता.

म्हणजे पहिला शब्द फुटण्याच्या सुमारासच कान घरच्या भाषेला जुळलेले असतात. इंदूरच्या बाळाला 'ट' आणि 'त' हिंदीतूनही मिळतील. पण 'वेल' आणि 'वेळ'? 'चाक'मधला च आणि 'चार'मधला च? प्रमाण हिंदीत हे भेद नाहीत. ते कानावर पडायचे तर घरातूनच पडणार. उच्चार मागाहून येतात. कित्येक मुलं बरेच दिवस 'बाळ'ला 'बाल' म्हणतात, पण आपण मुद्दाम 'बाल' म्हटलं की चिडतात! कानाला कळलेलं असतं, जिभेला अजून जमत नसतं.

बोलण्याच्या प्रवाहात शब्द सुटे नसतात, हे आपल्या लक्षातही येत नाही. 'बाळालादूदूदेऊका' हे सगळं एका दमात येतं. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड साखळी जेमतेम दोन मिनिटं ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणतं अक्षर नेहमी येतं, याचा अंदाज बाळांनी तेवढ्यात बांधला होता. आजी लाडात येऊन 'कोऽऽण आलं गं बाई' म्हणते, तेव्हा स्वर लांबतात, आवाज चढतो आणि शब्दांच्या कडा बाळाला अधिक ठळक ऐकू येतात. असं बोलल्याने मूल बोबडं राहतं ही भीती निराधार आहे.

हेच काम मोबाइलवर सोपवता येईल का? पॅट्रिशिया कुल यांनी २००३ साली अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींशी माणसं समोर बसून बोलली, खेळली. काहींना तीच माणसं पडद्यावर दाखवली. बारा बैठकांनंतर पहिल्या गटाला चिनी ध्वनींमधला फरक कळू लागला. पडद्यासमोरच्या गटाच्या हाती काहीच लागलं नाही. समोरचा माणूस बाळाच्या नजरेमागे नजर नेतो, त्याच्या 'बाबाबा'ला उत्तर देतो. पडदा यातलं काहीच करत नाही.

आता गोंधळाबद्दल. अडीच वर्षांची मुलगी खिडकीतून ओरडते, 'आजी, गाडी रुकली!' धातू हिंदी आहे. पण हिंदीत 'रुकी' होतं. या मुलीने त्याला मराठीचा '-ली' लावला, तोही गाडी स्त्रीलिंगी धरून. दोन भाषांचे सांधे तिने नेमके जुळवले आहेत. इंदूरची मोठी माणसंही असंच बोलतात, तिने ते त्यांच्याकडूनच उचललं. 'मी करलं', 'बाबा येला' यांची गोष्ट वेगळी. 'करलं' तिला कुणी शिकवलेलं नाही. 'बसलं', 'पडलं' यांतला नियम तिने स्वतः शोधला आणि जिथे मराठी तो पाळत नाही तिथेही लावला. मला तर यात तिची हुशारीच दिसते.

दोन भाषांमुळे बोलणं अडत नाही. एकेका भाषेतले शब्द कमी भरू शकतात, म्हणून मोजताना दोन्हींची बेरीज धरायची.

मात्र उशीर खरोखरच असेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नये. वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडी नाही. किंवा येत असलेले शब्द गेले, तर आधी कान तपासावेत. ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने हुंकार देतात, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. ओएई चाचणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते: कानात छोटी नळी ठेवून आवाज सोडतात आणि आतल्या कानातून परत येणारा क्षीण प्रतिसाद टिपतात. त्यात अडचण दिसली तर आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का हे पाहणारी बेरा चाचणी करतात. जन्मानंतर महिन्याभरात पहिली तपासणी, तीन महिन्यांपर्यंत निदान आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार, हा तज्ज्ञांनी ठरवलेला क्रम आहे.

स्पीच थेरपिस्टकडे जाताना मूल बोलतं ते सगळे शब्द कागदावर लिहून न्यावेत, मराठी आणि हिंदी दोन्ही. 'भूभू' आणि 'मम'सुद्धा.