मॉडेल रेल्वेतील धूर आणि श्वसनसुरक्षा

मॉडेल रेल्वेच्या वाफेच्या इंजिनातून निघणारा पांढरा लोट म्हणजे खरा धूर नव्हे. धुराड्यातल्या बारीक नळीत एक तार तापते, तिच्या उष्णतेने शुद्ध पॅराफिन तेलाची वाफ होते आणि बाहेरच्या गार हवेत त्या वाफेचे सूक्ष्म तेलकण बनतात. अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९४६ मध्ये धूर सोडणारी इंजिने बाजारात आणली, तेव्हा धुराड्यात गोळी टाकावी लागे. पुढे द्रव रूढ झाले.

काहीच जळत नसल्यामुळे हा धूर निरुपद्रवी मानला जातो. ते पुरते खरे नाही. हे तेलकण फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक असतात. शिवाय युरोप-अमेरिकेत हे रुळांचे पसारे बहुधा तळघरात किंवा माळ्यावर मांडलेले असतात आणि हिवाळ्यात खिडक्या बंद असतात. एका भरणीत ०.२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १५० मिलिग्रॅम तेल गेले आणि ते सगळे ३० घनमीटरच्या बंद खोलीत पसरले, तर दर घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम होतात. अमेरिकेत खनिज तेलाच्या तुषारांसाठी कामगारांची आठ तासांची सरासरी मर्यादा नेमकी एवढीच आहे. प्रत्यक्षात बरेचसे तेल भिंतींवर आणि रुळांवर बसते, काहीची पुन्हा वाफ होते. म्हणून हा हिशेब वरच्या टोकाचा समजावा. पण तीन-चार इंजिने संध्याकाळभर धावली, तर तो दूरचा राहत नाही. खिडकीच्या काचेवर बोट फिरवल्यावर तेलकट रेघ उमटली, तर हवा खेळत नाही हे ओळखावे.

तेल संपल्यावरही तार तापत राहिली, तर नळीतला उरलेला अंश करपतो आणि डोळे-घसा चुरचुरवणारी अल्डिहाइडे बाहेर पडतात. त्यामुळे नळी कोरडी पडण्याआधी धूर बंद करावा. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना सुगंधी तेलाचा त्रास लवकर होतो. त्यांच्यासमोर ते वापरूच नये.

खरा उपाय हवा बदलण्याचा: एक्झॉस्ट फॅन लावावा, समोरून ताजी हवा येऊ द्यावी आणि धूर एका वेळी एकाच इंजिनाचा, थोडाच वेळ ठेवावा. मास्कवर मात्र विसंबू नये. एन-९५ मधील 'एन' याचा अर्थच तेलाला न टिकणारा असा आहे, आणि कोणताही कण-गाळणीचा मास्क वाफ अडवत नाही.

सर्वांत गंभीर धोका धुरापेक्षा बाटलीचा आहे. हे तेल पाण्यासारखे पातळ असते. मुलाने घोट घेतला, तर ते श्वासनलिकेत उतरून रासायनिक न्यूमोनिया होऊ शकतो, क्वचित जीवही जातो. बाटली कुलपात ठेवावी. तेल पोटात गेलेच, तर उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत शिरते. मुलाला तडक रुग्णालयात न्यावे आणि बाटली सोबत घ्यावी.