ड्यूक, मोलकरीण आणि लग्नाचं लायसन्स : थोडी पार्श्वभूमी

इंग्लंडच्या रीजन्सी काळातल्या, म्हणजे साधारण १८११ ते १८२० मधल्या, प्रेमकथा वाचणाऱ्यांना साचा माहितीच आहे, तो एस्टेटवाला, ती गव्हर्नेस किंवा शिंपीण किंवा घरात भांडी घासणारी, मध्ये समाज उभा, आणि शेवटच्या चार पानांत लग्न. तो साचा परत सांगत नाही. मला बोलायचंय ते त्या भिंतीबद्दल. आपण वाचताना धरून चालतो की ती भिंत म्हणजे लोकांची तिरकी नजर, आईबापांचा अहंकार, बॉलरूममधली कुजबुज. ते होतंच, पण त्या भिंतीचा बराच भाग कागदाचा होता, आणि तो कागद कधी कुठे लागला हे समजलं की या कथा वेगळ्याच दिसायला लागतात.

गरीब मुलगी आणि मोठ्या घरचा मुलगा ही गोष्ट लोककथेइतकी जुनी, पण कादंबरी म्हणून ती पहिल्यांदा धडाक्यात गाजली १७४० मध्ये. लंडनचा एक छापखानेवाला खेड्यातल्या लोकांसाठी नमुना पत्रांचं पुस्तक लिहीत होता, कोणाला कसं पत्र लिहावं असलं, आणि त्यातूनच त्याला पंधरा वर्षांच्या मोलकरणीची गोष्ट सुचली. मालक मागे लागतो, ती दाद देत नाही, शेवटी तो लग्न करतो. पुस्तक तुफान खपलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याची टर उडवणारं पुस्तकही आलं, ज्यात मुलगी साधीभोळी नसून डाव टाकणारी आहे. हा वाद अजून मिटलेला नाही. आजही अशा कथेतल्या नायिकेला पहिला प्रश्न हाच विचारला जातो की हिचं प्रेम त्याच्यावर की त्याच्या घरावर. त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही. मला याचा फार राग येतो, कारण खऱ्या इतिहासात पैशासाठी लग्न करणारे पुरुषच ढिगाने सापडतात, आणि का ते उघड आहे, १८८२ च्या कायद्याआधी लग्न झालं की बायकोची बहुतेक मालमत्ता नवऱ्याच्या हातात जायची. श्रीमंत बाप मुलीच्या नावाने ट्रस्ट करून, सेटलमेंटचे कागद करून काही वाचवायचे, पण पळून जाऊन लग्न केलं तर ते कागद कोण करणार.

आता मुख्य मुद्दा, १७५३ चा विवाह कायदा. २५ मार्च १७५४ पासून तो लागू झाला. त्याआधी लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जापायी अडकलेले पाद्री चार पैसे घेऊन कोणाचंही लग्न लावून द्यायचे, ना घरच्यांना विचारणं ना वाट बघणं. कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी तिथल्या एकाच वहीत दोनशेवर लग्नं नोंदलेली आहेत. एका दिवसात. त्या जोडप्यांमध्ये कोण कोणाबरोबर आलं असेल याचा मी बरेचदा विचार करते.

नव्या कायद्याने लग्नाला दोन रस्ते ठेवले. एक बॅन्स, म्हणजे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार भर प्रार्थनेत नावं पुकारायची, अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कोणाची हरकत असेल तर सांगा. दुसरा लायसन्स, बिशपच्या ऑफिसकडून पैसे भरून घ्यायचा परवाना, म्हणजे पुकारा नको. लग्न चर्चमध्येच, सकाळी आठ ते दुपारी बारामध्ये, दोन साक्षीदार, वहीत सह्या. आणि एकवीसच्या खालच्या मुलामुलीने लायसन्सवर लग्न केलं आणि बापाची किंवा पालकाची संमती नसेल तर ते लग्नच रद्द. नियम मोडून लग्न लावणाऱ्या पाद्र्याला चौदा वर्षं हद्दपारी.

संसदेत यावर कडाक्याचं भांडण झालं होतं आणि मला ते भांडण त्या काळातल्या कुठल्याही प्रेमकथेपेक्षा जास्त आवडतं. कायदा आणणारे म्हणाले, मोठ्या घरची पोरं भामट्यांच्या जाळ्यात सापडतात, घराणी बुडतात. विरोधक म्हणाले, हे घराण्यांचंच भलं आहे, आता श्रीमंत लोक आपली वारसदार पोरं आपापसातच वाटून घेतील आणि खालच्याला वर यायला एक जिना होता तोही काढून घेतला. विरोधकांमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस असा होता ज्याने स्वतः १७४४ मध्ये एका ड्यूकच्या मुलीशी तिच्या घरच्यांना न सांगता लग्न केलं होतं. त्याला हरला म्हणायचं तर म्हणा, कायदा पास झाला, पण तो जे बोलला ते खरं ठरलं असं माझं मत आहे. काही अभ्यासक म्हणतात की हा कायदा एवढा क्रांतिकारी वगैरे नव्हता, बहुतेक लोक आधीही चर्चमध्येच लग्न करत होते, आणि त्यांचे पुरावे भक्कम आहेत. पण बहुतेक लोक आपल्याच बरोबरीच्यांशी लग्न करत होते. मी बोलतेय ते जे करत नव्हते त्यांच्याबद्दल.

इथे तो शब्द येतो ज्याने सगळा घोळ केलाय, स्पेशल लायसन्स. आजकालच्या रीजन्सी कथांमध्ये दर तिसऱ्या पुस्तकात हिरो खिशातून स्पेशल लायसन्स काढतो आणि संध्याकाळी दिवाणखान्यात लग्न होऊन जातं, जणू आपल्याकडचं तत्काळ तिकीट. साधं लायसन्स वेगळं आणि स्पेशल लायसन्स वेगळं. साधं मिळायचं बिशपकडून, त्यात वेळ आणि जागा कायद्यात बांधलेली, दोघांपैकी एकजण त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या इलाक्यात, चार आठवडे राहिलेला पाहिजे (१८२३ मध्ये ते पंधरा दिवसांवर आलं). मध्यमवर्गातले कितीतरी लोक ते घ्यायचे, कारण तीन रविवार आपलं नाव गावभर पुकारलेलं कोणाला हवं असतं. स्पेशल लायसन्स मात्र फक्त कँटरबरीच्या आर्चबिशपकडून, कुठेही, कधीही लग्न करायची मुभा. आणि १७५० च्या दशकाच्या शेवटी एका आर्चबिशपने ठरवून टाकलं की हे उमराव, त्यांची मुलं, बॅरोनेट आणि नाइट (म्हणजे ‘सर’ किताबवाले), न्यायाधीश, खासदार असल्या लोकांनाच द्यायचं. म्हणजे नियम सगळ्यांना आणि सूट वरच्यांना. १८१३ सालच्या त्या सगळ्यांनी वाचलेल्या कादंबरीत, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये, पाच मुलींची आई दुसरीचं लग्न ठरल्यावर आनंदाने स्पेशल लायसन्सच पाहिजे म्हणते ना, ते घाई आहे म्हणून नाही, तो मान आहे म्हणून. आणि गंमत बघा, जावई अर्लचा (उमरावांमधला एक किताब) नातू असला तरी स्वतः उमराव नव्हता, त्यामुळे त्याला ते हक्काने मिळालंच असतं असं नाही. त्या काळच्या वाचकाला हे एका वाक्यात कळत होतं, आपल्याला कळत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, एकवीसच्या खालच्या मुलीला बापाची संमती नसेल तर स्पेशल लायसन्सने काही होत नव्हतं. जिथे कथेला त्या कागदाची सगळ्यात जास्त गरज असते तिथेच तो कामाचा नव्हता. खरी पळवाट उलट बॅन्समध्ये होती! कायद्यात बॅन्सला पालकांची संमती आधी आणा असं नव्हतं, त्यांनी उभं राहून हरकत घेतली तरच अडायचं. त्यामुळे लंडनच्या एखाद्या प्रचंड पॅरिशमध्ये, जिथे रविवारी वीस-वीस जोड्यांची नावं भराभर वाचली जातात, तिथे जाऊन नाव द्यायचं आणि घरी कळायच्या आत तीन रविवार काढायचे. विचार करा, ती मागच्या बाकावर बसलीय, पाद्री नाव वाचतोय आणि तिच्या पोटात गोळा आलाय की कोणी उठेल का. असे तीन आठवडे. एवढा ताण असलेला प्रसंग इतिहास फुकट देतोय आणि लेखक दिवाणखान्यातल्या लायसन्सवर भागवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मराठी वाचकांचा अजून एक गोंधळ होतो, स्पेशल लायसन्स म्हणजे आपल्या स्पेशल मॅरेज ॲक्टसारखं काहीतरी. नाही. १९५४ चा आपला कायदा वेगळ्या जातीधर्मातल्या लोकांना लग्न करता यावं म्हणून आहे, त्यात तीस दिवस नोटीस लागते, रजिस्ट्रारच्या ऑफिसात बोर्डावर, कोणाची हरकत असेल तर या. म्हणजे त्याचं नातं जोडायचंच तर बॅन्सशी जोडा. ज्यांनी आपल्या मैत्रिणीच्या लग्नासाठी ते तीस दिवस मोजलेत, कोणी ओळखीचा त्या बोर्डासमोर जाऊ नये म्हणून जीव मुठीत धरलाय, त्यांना मागच्या बाकावरची ती मुलगी समजावून सांगावी लागत नाही.

ज्यांना थांबायचं नव्हतं ते स्कॉटलंडला पळायचे, कारण १७५३ चा कायदा तिथे लागू नव्हता. दोन साक्षीदारांसमोर आम्ही नवरा-बायको म्हटलं की झालं, मुलगी बारा आणि मुलगा चौदा वर्षांचा असला तरी. हद्द ओलांडली की पहिलंच गाव ग्रेटना ग्रीन. लंडनहून तीनशेवर मैल, घोडे बदलत तीन-चार दिवस. १७८२ मध्ये एका अर्लने लंडनच्या एका बँकरच्या एकुलत्या एक मुलीला असंच पळवलं, बाप मागे, रस्त्यात गोळी झाडून घोडा मारला तरी ते पोचले. मग बापाने मृत्युपत्र असं बदललं की पैसा त्या अर्लच्या गादीच्या वारसाला मिळू नये, आणि तो गेला त्यांच्या मुलीकडे. तीच मुलगी पुढे आल्मॅक्स क्लबच्या त्या सहा-सात बायकांपैकी एक झाली ज्या ठरवायच्या की बुधवारच्या नाचाला कोण येणार आणि कोण नाही. पळून केलेल्या लग्नाची लेक दारावर उभी राहून व्यापाऱ्यांच्या पोरींना परत पाठवते. कोणी कादंबरीत लिहिलं तर आपण म्हणू जरा जास्तच झालं.

ग्रेटनाची दुसरी बाजू कथांमध्ये कमी येते. १८२६ मध्ये एका गिरणीमालकाच्या पंधरा वर्षांच्या मुलीला खोटा निरोप देऊन शाळेतून काढलं आणि बाप संकटात आहे असं सांगून तिथे नेऊन तिचं लग्न लावलं. करणारा घरंदाज माणूस. त्याला तीन वर्षांची कैद झाली आणि संसदेने ते लग्न रद्द केलं. यातही वर्गाचीच भानगड आहे, गिरणीचा नवा पैसा आणि जुनं नाव. १८५६ मध्ये कायदा झाला की दोघांपैकी एकाने आधी एकवीस दिवस स्कॉटलंडमध्ये राहिलं पाहिजे, आणि पळापळीत काही राम राहिला नाही. नुसत्या साक्षीदारांसमोरच्या लग्नाची पद्धत मात्र १९४० पर्यंत चालू होती.

कथांकडे परत येते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कादंबरी तीन खंडात यायची, किंमत साडेएकतीस शिलिंग, सामान्य माणसाला न परवडणारी, म्हणून लोक वर्गणी भरून लायब्ररीतून आणायचे. १८४२ पासून लंडनच्या एका लायब्ररीत वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरली की एका वेळी एक खंड. लायब्ररीवाल्याला न पटणारं पुस्तक तो ठेवतच नसे, मग मालक-मोलकरीण प्रकरण आलं तर ते लग्नात तरी संपायचं नाहीतर मुलीच्या मरणात. आपल्याकडे गल्लीतल्या भाड्याच्या लायब्रऱ्यांमधून ज्यांनी या प्रेमकथा ब्राउन पेपरच्या कव्हरमध्ये नेल्या, त्यांना भाड्याच्या पुस्तकाची ही गोडी माहितीय.

रीजन्सी हा वेगळा प्रकार म्हणून जमला तो १९३५ पासून, १९०२ मध्ये जन्मलेल्या एका इंग्रज बाईंमुळे, आणि त्यांच्या अभ्यासापुढे मी हात जोडते, कपड्याच्या बटणापासून घोड्यांच्या भावापर्यंत सगळं चोख. पण वर्गाच्या बाबतीत त्या एक इंच हलल्या नाहीत. त्यांच्या १९२६ च्या एका कादंबरीत पॅरिसच्या रस्त्यावर ड्यूकने विकत घेतलेलं पोर शेवटी उमराव घराण्याची मुलगी निघते, आणि तिच्या जागी उमराव म्हणून वाढवलेल्या मुलाला शेतीचीच ओढ, कारण तो मुळात शेतकऱ्याचा. रक्त बोलतं म्हणे. नंतर १९७२ मध्ये अमेरिकेत प्रेमकथा थेट पेपरबॅकमध्ये काढायची लाट आली, प्रणय मोकळा झाला, पण जन्माचं रहस्य सुटलं नाही. २०२० च्या ख्रिसमसला आलेली ती ‘ब्रिजर्टन’ वेबसिरीज ज्या पुस्तकांवर आहे, त्यातल्या तिसऱ्याची नायिका मोलकरीण आहे खरी, पण अर्लची अनौरस मुलगी. म्हणजे भिंत ओलांडली असं वाटतं आणि नंतर कळतं की ती आधीपासून अर्धी तिकडचीच होती.

मग खरोखर कोणी ओलांडली का? ओलांडली. १७९१ मध्ये एका होणाऱ्या अर्लने श्रॉपशरच्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, ती सहा वर्षांत गेली. १८२५ मध्ये ससेक्सच्या एका सत्तरीतल्या बॅरोनेटने आपल्या डेअरीत काम करणाऱ्या विशीतल्या मुलीशी केलं आणि तिला शिकायला पॅरिसला पाठवलं. पण माझ्या मनातून जात नाही ती १८७३ ची गोष्ट, लंडनचा एक शिकलेला बॅरिस्टर आणि घराघरात चुली-पायऱ्या घासणारी बाई. जवळपास वीस वर्षांची ओळख, जानेवारीत गुपचूप लग्न, आणि लग्नानंतरही ती त्याच्याच घरात मोलकरीण म्हणून राहिली, खाली स्वयंपाकघरात, कारण तिलाच बाईसाहेब व्हायचं नव्हतं. दोघांच्या डायऱ्या त्याने पेट्यांमध्ये बंद करून केंब्रिजच्या एका कॉलेजला दिल्या आणि त्या १९५० मध्ये उघडल्या. तिने लिहिलंय की त्याने लायसन्स आणून दाखवलं तेव्हा तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही, लायसन्सचंही नाही आणि लग्नाचंही नाही, आमच्या प्रेमाशी त्याचा संबंध फार थोडा.