सुईचे नाक म्हणजे यरुशलेमचा दरवाजा नव्हे

‘श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे,’ असे येशू म्हणतो. या वचनाबद्दल उपासकाळात वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या प्रार्थना-ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: यरुशलेमेत ‘सुईचे नाक’ नावाचा ठेंगणा दरवाजा होता; ओझे उतरवून, गुडघे टेकूनच उंट आत जाई, तसे आपणही नम्र व्हावे.

शिकवण चांगली आहे, म्हणून गोष्ट सहज पटते. पण येशूच्या काळात असा दरवाजा असल्याचा पुरावा नाही. हा अर्थ शेकडो वर्षांनंतरच्या लिखाणात येतो.

घरीच पडताळा. हे वचन बायबलमधल्या तीन शुभवर्तमानांत आहे: मत्तय 19:24, मार्क 10:25 आणि लूक 18:25 काढा. मूळ ग्रीकमध्ये मत्तय आणि मार्क सुईला ‘ऱ्हाफिस’ म्हणतात, लूक ‘बेलोने’. दरवाजाचे नाव असते, तर ते असे बदलले नसते. मग पुढचे वाचा. शिष्य थक्क होऊन विचारतात, तर मग तारण कोणाचे होईल? नुसते वाकून भागणार असते, तर ते थक्क का झाले असते? येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य, देवाला सर्व शक्य. दरवाजाची गोष्ट नेमके हे ‘अशक्य’च पुसून टाकते, आणि मला तेच फार खटकते.

नम्रतेवरच बोलायचे असेल, तर लूकचा तोच अध्याय आहे, वचने 9 ते 14: दूर उभा राहून, वर डोळेही न करता ऊर बडवणारा जकातदार.