फायब्रोमायल्जिया: रिपोर्टात न सापडणाऱ्या दुखण्याची पार्श्वभूमी

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर सतत दुखणं, थकवा आणि झोपूनही न भागणारी झोप यांचा आजार. तो रक्ताच्या कुठल्याही तपासणीत सापडत नाही. एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. त्यामुळे नागपुरात धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांचे उंबरठे झिजवून झाले, सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नंबर लावून झाला, फाईल जाडजूड झाली, तरी शेवटी ऐकायला मिळतं ते एकच, "सगळं नॉर्मल आहे." घरी मग त्याचा अर्थ 'हिला काही झालं नाही' असा लावला जातो. "कुठं दुखते ते नका विचारू जी, कुठं नाही दुखत ते विचारा," असं सांगणाऱ्या बाईला कामचुकार ठरवायला एवढं पुरतं. ही गैरसमजूत आजची नाही. खुद्द वैद्यकशास्त्र शंभर वर्षं या दुखण्याचा पुरावा भलत्या ठिकाणी शोधत होतं.

1904 मध्ये लंडनचे मज्जातंतुतज्ज्ञ विल्यम गॉवर्स यांनी कंबरदुखीवरच्या व्याख्यानात 'फायब्रोसायटिस' हे नाव सुचवलं. स्नायूंच्या आसपासच्या ऊतींना सूज येत असावी, असा त्यांचा कयास. त्याच वर्षी ग्लासगोच्या राल्फ स्टॉकमन यांनी ऊतींचे नमुने तपासून तशी सूज दिसल्याचं सांगितलं. पुढच्या तपासण्यांत मात्र ती सूज काही सापडेना. तरीही नाव सत्तर वर्षं चाललं. अखेर 1976 मध्ये अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी 'फायब्रोमायल्जिया' हे नाव पुढे केलं, त्यात सुजेचा नव्हे, दुखण्याचा उल्लेख होता.

खरी कलाटणी टोरांटोत मिळाली. तिथले झोपेचे अभ्यासक हार्वे मोल्डोफ्स्की यांनी 1975 मध्ये धडधाकट स्वयंसेवकांची फक्त गाढ झोप मोडली. त्यांना पूर्ण जागं केलं नाही, गाढ झोपेत तेवढं जाऊ दिलं नाही. थोड्याच रात्रींत त्यांचं अंग ठणकू लागलं, दाबलं की दुखू लागलं. 'रात्रभर झोपले, तरी सकाळी अंग मोडून येते' ही तक्रार कुणी मनावर घेत नव्हतं, ती या प्रयोगाने प्रयोगशाळेत आली. मोल्डोफ्स्की यांचे सहकारी ह्यू स्माइथ दुखऱ्या जागांची मोजदाद करत होते. अमेरिकेतले डॉक्टर मुहम्मद युनूस यांनी 1981 मध्ये रुग्ण आणि निरोगी माणसं यांची तुलना करून थकवा, झोप, पोटाच्या तक्रारी हे सगळं या दुखण्याबरोबरच येतं, हे मांडलं.

1990 मध्ये सांधे-स्नायूंच्या आजारांच्या तज्ज्ञांची संघटना असलेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीने निकष ठरवले. अंगभर दुखणं किमान तीन महिने हवं आणि ठरलेल्या 18 जागांपैकी 11 दाबल्यावर दुखायला हव्यात. डोक्याच्या मागे, मानेच्या पुढच्या बाजूला, खांद्यावर, खांद्याच्या फऱ्याच्या वर, दुसऱ्या बरगडीपाशी, कोपरालगत, कुल्ल्यावर, मांडीच्या वरच्या हाडाशी, गुडघ्याच्या आतल्या बाजूला अशा या जागा, दोन्ही बाजूंना. दाब चार किलोचा, म्हणजे डॉक्टरच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. कागदावर हे नेटकं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक डॉक्टर ही तपासणी करतच नसत, आणि करणारे एकसारखी करत नसत. दहा जागा दुखणाऱ्या बाईला आजार नाही आणि अकरावी दुखली की आहे, हाही अजबच हिशेब. शिवाय दाब बायकांना जास्त जाणवतो. त्यामुळे हा 'बायकांचा आजार' ठरला आणि पुरुष रुग्ण गणतीतून सुटत राहिले.

2010 च्या नव्या निकषांत अंगठा बाजूला ठेवला गेला. आता डॉक्टर विचारतात, गेल्या आठवड्यात शरीराच्या 19 भागांपैकी कुठे कुठे दुखलं? मग थकवा, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आठवणीचा आणि लक्ष लागण्याचा गोंधळ आणि इतर लक्षणं यांना मिळून 12 पैकी गुण. सात भाग आणि पाच गुण, किंवा भाग कमी असले तर गुण नऊ, असा हिशेब. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हाच मोठा बदल, कारण आता रुग्ण काय सांगतो यालाच पुरावा मानलं गेलं. 2016 च्या सुधारणेत शरीराच्या पाचपैकी किमान चार विभागांत दुखणं हवं, अशी अट आली. दुसरा आजार असला म्हणून हे निदान बाद होत नाही, हेही त्यात स्पष्ट झालं. संधिवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच अंगात सुखेनैव नांदू शकतात.

मग तपासण्या कशाला? सारखी दिसणारी दुखणी ओळखायला. थायरॉईड, व्हिटॅमिन डीची कमतरता (नागपूरच्या उन्हातही ती होते), संधिवात, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार), कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा दुष्परिणाम. आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारायला हवा: चिकुनगुनिया होऊन गेला का? नागपूरने त्याची साथ 1965 मध्येच पाहिली होती, आणि 2005-06 मध्ये तो देशात परतल्यानंतर विदर्भाला तो नवा राहिलेला नाही. त्याची सांधेदुखी काहींच्या मागे महिनोन्‌महिने राहते.

दुखणं हा मनाचा खेळ नाही, याचा पुरावा 2002 मध्ये मिळाला. वेदनेचे अमेरिकी संशोधक रिचर्ड ग्रेसली यांच्या गटाने मेंदूच्या स्कॅनमध्ये दाखवलं की, निरोगी माणसाला किरकोळ वाटणाऱ्या दाबालाही या रुग्णांच्या मेंदूतली वेदनेची केंद्रं जोरात प्रतिसाद देतात. टेपचा आवाज आतूनच वाढवून ठेवावा, तसं. म्हणून औषधंही मज्जासंस्थेवरची आली. 2007 मध्ये अमेरिकेत प्रीगॅबालिन या औषधाला या आजारासाठी पहिली मंजुरी मिळाली, पुढच्या वर्षी ड्युलोक्सेटिनला. एरवीच्या दुखण्यावरच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, आणि नेमक्या त्याच मेडिकल स्टोअरमधून सगळ्यात जास्त नेल्या जातात. युरोपीय तज्ज्ञांनी 2016 मध्ये ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची, तोही हळूहळू वाढवायचा. ज्या बाईला जिना चढणं जिवावर येतं तिला 'चाला' म्हणणं सोपं नाही. सुरुवात दहा मिनिटांची असली तरी चालते, आणि मे महिन्यात तीही ऊन चढायच्या आत.