पावशा

कोकिळ कुलातील (क्युक्युलिडी) पक्षी. शास्त्रीय नाव हायरोकॉक्सिक्स व्हेरियस. जुन्या ग्रंथांत तो क्युक्युलस व्हेरियस या नावाने आढळतो. भारतीय उपखंडातील झाडीच्या प्रदेशांत तो सर्रास असतो. लांबी सु. ३४ सेंमी., म्हणजे साधारण कबुतराएवढा. पाठ राखाडी, छातीवर तांबूस झाक, पोटावर आडवे पट्टे.

पक्षिनिरीक्षणात त्याची शिकरा या शिकारी पक्ष्याशी गल्लत होते. प्रजातिनामातही ससाणा व कोकिळ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडलेले आहेत. चार-दोन वेळा पंख मारून तरंगत जाणे आणि शेवटी वर झेपावून फांदीवर बसणे, ही त्याची तऱ्हा थेट शिक्र्याची. खारी व लहान पक्षीही फसून कलकलाट करतात. मात्र बसल्यावर तो शेपटी डावी-उजवीकडे हलवतो. चोच आकडेबाज नसून जवळजवळ सरळ असते, डोळ्याभोवती पिवळी कड असते. शिक्र्याच्या पांढुरक्या गळ्यावर मधोमध उभी रेघ दिसते. पाय दिसले तर शंकाच उरत नाही : पावशाची दोन बोटे पुढे व दोन मागे, शिक्र्याची तीन पुढे व एक मागे. पिलांच्या अंगावर तपकिरी रेघोट्या असल्याने ती अधिक फसवी. पण सातभाई पक्षी ज्या पिलाला भरवत आहेत ते शिक्र्याचे नव्हे, कारण पावशाची मादी सातभाईंच्याच घरट्यात अंडी घालते. डेव्हिस व वेल्बर्गन या संशोधकांनी २००८ मध्ये युरोपीय कोकिळेवर केलेल्या प्रयोगांतून शिकारी पक्ष्याशी असलेल्या साम्याने लहान पक्षी बिचकतात असे दिसले. पावशाला हा निष्कर्ष सरसकट लावणे घाईचे होईल.

‘पेर्ते व्हा’ ही चढत्या पट्टीतली साद टोकाला जाऊन एकदम तुटते. उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत, चांदण्या रात्रीही ती ऐकू येते. हिंदीत तिचे ‘पी कहाँ’, बंगालीत ‘चोख गेलो’ झाले. हिवाळ्यात पक्षी गप्प असतो आणि त्यामुळे नजरेतून सुटतो.

चातक म्हणजे पावशा की काय, हा वाद जुना आहे. कालिदासाच्या (बहुधा इ. स. चौथे-पाचवे शतक) ‘मेघदूता’तील चातक डावीकडे मधुर ओरडतो, पण त्याच्या रूपाचे वर्णन तेथे नाही. हिंदी परंपरेत पपीहा, म्हणजेच पावशा, व चातक अनेकदा एकच मानले जातात. पावसाआधीच साद घालणाऱ्या पक्ष्याला मेघाची तहान चिकटवणे स्वाभाविकही आहे. मराठी पक्षिशास्त्रीय लेखनात मात्र चातक हे नाव काळ्या-पांढऱ्या, तुरेवाल्या क्लॅमेटर जॅकोबिनस या पक्ष्याला देतात. त्याचे काही थवे आफ्रिकेतून मॉन्सूनबरोबर येतात, तेव्हा हेच मत अधिक ग्राह्य वाटते. दुर्बिणीतून हे दोघे सारखे दिसत नाहीत. घोळ आहे तो शब्दकोशांत.

हिमालयातील मोठा पावशा (हायरोकॉक्सिक्स स्पार्व्हेरिऑयडीझ) ही वेगळी जाती. हिवाळ्यात ती दक्षिणेकडेही उतरते.