कर्जतला मागून इंजिनं का लावतात?

मुंबईहून पुण्याला निघालेली लांबलचक गाडी कर्जतला थांबते. प्रवासी वडापाव घेत असतात, तेवढ्यात मागून आणखी दोन-तीन इंजिनं येऊन गाडीला भिडतात. हे ‘बँकर’. पुढे डब्ल्यूएपी-7 सारखं सहा हजारांहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन असताना यांची गरज का पडावी?

इंजिन कमी पडतं ते पकडीत. चाक पोलादाचं, रूळही पोलादाचा आणि दोघांचा स्पर्श जेमतेम एका चौरस सेंटिमीटरचा. त्यामुळे घर्षण फार कमी. सपाटीवर हजार टनांची गाडी संथ चालती ठेवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळेच. घाटात मात्र हाच गुण अंगाशी येतो. कर्जतपुढच्या भोर घाटाची चढण 37 मीटरला 1 मीटर इतकी तीव्र आहे. तिथे हजार टनांच्या गाडीला गुरुत्वाकर्षण 27 टनांनी मागे खेचतं. इंजिनाचं वजन 123 टन, आणि कोरड्या रुळावर फार तर त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओढ मिळते. पावसात ती निम्म्यावर येते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. मग चाकांपुढे रुळावर वाळू सोडावी लागते. जास्त पकड हवी तर जास्त चाकं हवीत, म्हणजेच जास्त इंजिनं. ती मागे लावल्याने डबे एकमेकांना जोडणाऱ्या कपलिंगवर ताण कमी येतो, आणि एखादं कपलिंग तुटलंच तर डबे मागे घसरत नाहीत.

चाकं फिरवते ती विजेची मोटर. डिझेल इंजिनातही बहुधा हेच असतं: डिझेलवर जनित्र चालतं आणि त्या विजेवर मोटरी. कारण उभ्या गाडीला हलवायला सुरुवातीलाच प्रचंड जोर लागतो. थेट चाकांना जोडलेलं डिझेल इंजिन शून्य वेगाला तो देऊ शकत नाही, मोटर देते.

मुंबईत विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला धावली, तेव्हा वायरमध्ये 1500 व्होल्टचा एकदिश (डीसी) प्रवाह होता. 1930 ची डेक्कन क्वीनही त्यावरच घाट चढली. आता 25,000 व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह आहे. विजेचा दाब (व्होल्टेज) वाढला की तेवढ्याच शक्तीला प्रवाह सतराएक पटींनी कमी लागतो, तार बारीक चालते, वाया जाणारी वीज घटते. टपावरचा पॅन्टोग्राफ ही वीज घेतो, ट्रान्सफॉर्मर दाब उतरवतो, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिला आधी एकदिश आणि मग तीन फेजची करून सहा आसांवरच्या सहा मोटरींना देते. परतीची वाट चाकांतून रुळांत.

घाट उतरताना याच मोटरी जनित्र होतात. चाकं त्यांना फिरवतात, गाडीचा वेग आवरतो आणि तयार झालेली वीज वायरमध्ये परत जाते. जवळपास दुसरी गाडी चढत असेल तर ती तिच्या कामी येते. शिवाय ब्रेक फारसे तापत नाहीत, आणि इतक्या लांब उतारावर ते थंड राहणं विजेच्या बचतीहूनही मोलाचं आहे.